आचमनकुंभीतील पाणी : तगरनगरीचा विहार आणि शौचोत्तर हस्तशुद्धीचा विनय

तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे पुराणवस्तुसंग्रहालयात येणारा अभ्यासक बहुधा हस्तिदंती स्त्रीमूर्तीपुढे थांबतो. पाँपेई येथे सापडलेल्या अशाच हस्तिदंती मूर्तीशी तिची तुलना होते आणि तेरची कीर्ती रोमपर्यंत कशी गेली होती याची चर्चा सुरू होते. ती चर्चा योग्यच आहे. तथापि मातीच्या भांड्यांपुढे, घट, परळ आणि तोटीच्या पात्रांपुढे, फारसे कोणी थांबत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका भांड्याचा आहे. पालि विनयपिटकात त्याला ‘आचमनकुंभी’ असे नाव आहे. शौचस्थानाजवळ, शौचानंतर धुण्यासाठी ठेवलेल्या पाण्याचा तो माठ. तेरच्या भांड्यांपैकी अमुक एक भांडे आचमनकुंभी होते, असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. भांड्यावर त्याचे काम लिहिलेले नसते. परंतु ज्या नगरात विहार होता, तेथे त्या विहाराच्या नियमांनुसार असा माठ भरलेला असणे आवश्यक होते. त्या माठाभोवती भगवान बुद्धांच्या संघाने जी आचारसंहिता उभी केली, तिच्यात भारतीय समाजाच्या इतिहासातील एक मोठा मतभेद साठवलेला आहे.

प्रथम तेरविषयी थोडे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ साली सप्रमाण मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचे नोंदलेले आहे. तेथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून आडवाटेने भडोचकडे नेली जाई, असेही तो ग्रंथ सांगतो. पुढे शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. कझिन्स यांनी १९०२-०३ मध्ये येथील त्रिविक्रम मंदिराकडे विद्वानांचे लक्ष वेधले. विटांची, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे त्यांनी म्हटले आणि पुढील बहुतेक अभ्यासकांनी ते मान्य केले. उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. तेव्हा सातवाहनकाळात येथे भिक्षुसंघाचा वावर होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

व्यापारी मार्गावरील विहार आणि अरण्यातील एकांत कुटी यांत एक महत्त्वाचा भेद आहे. मार्गावरच्या विहारात रोज नवा माणूस येतो. भडोचकडून, पैठणकडून, दक्षिणेकडून सार्थवाहांबरोबर चालत आलेला भिक्षु येथे एखादी रात्र किंवा एखादा पंधरवडा राही. त्याला विनयात ‘आगन्तुक’ म्हटले आहे आणि चुल्लवग्गातील ‘वत्तक्खन्धक’ या प्रकरणाचा आरंभच आगन्तुकाच्या कर्तव्यांनी होतो. आलेल्या भिक्षूने शयनासनाची चौकशी करावी, भिक्षेला कोणत्या घरी जावे ते विचारावे आणि त्याच ओघात शौचाची जागा कोणती, मूत्राची जागा कोणती, पिण्याचे पाणी कोणते आणि वापरण्याचे पाणी कोणते, हेही विचारून घ्यावे. पिण्याचे ते ‘पानीय’ आणि वापरण्याचे ते ‘परिभोजनीय’. हे दोन शब्द विनयात सर्वत्र जोडीने येतात आणि त्यांची सरमिसळ होऊ नये अशी काळजी घेतलेली दिसते. आपल्या घरांत पिण्याचा माठ आणि मोरीतली बादली वेगळी असते, तसेच हे.

त्याच ठिकाणी पाय धुण्याविषयी एक बारीक सूचना आहे. एका हाताने पाणी ओतावे, दुसऱ्या हाताने पाय चोळावेत. ज्या हाताने ओतावयाचे त्याच हाताने धुवावयाचे नाही. वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या या सूचनेत हस्तशुद्धीचे सगळे तत्त्व सामावलेले आहे. पाण्याचे भांडे सर्वांचे आहे. जो हात मळाला लागला तो भांड्याला लागू नये, कारण त्या भांड्याला नंतर दुसऱ्याचा हात लागणार आहे. सेखिय नियमांपैकी एका नियमाची रचना अशाच कारणाने झाली. भग्ग देशात सुंसुमारगिरीजवळ बोधि राजकुमाराच्या कोकनद प्रासादात भिक्षूंनी उष्ट्या हाताने पाण्याचे पात्र धरले. लोकांनी नावे ठेवली. तेव्हा अन्नाने माखलेल्या हाताने पाण्याचे पात्र घेऊ नये, असा शिक्षापद भगवंतांनी घालून दिला.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे ‘वच्चकुटी’कडे वळू. चुल्लवग्गातील ‘खुद्दकवत्थुक्खन्धक’ या प्रकरणात शौचस्थानाच्या बांधणीचा जो वृत्तान्त आला आहे, तो भारतीय साहित्यात सार्वजनिक शौचगृहाच्या रचनेविषयीच्या अतिशय जुन्या आणि तपशीलवार वृत्तान्तांपैकी एक मानावा लागेल. त्याची पद्धत मोठी मनोवेधक आहे. कोणताही आराखडा आधी दिलेला नाही. एक अडचण येते, तिच्यावर एक उपाय होतो, त्या उपायातून दुसरी अडचण निघते. भिक्षू आरामात वाटेल तेथे शौचास बसत, आराम घाण होई. तेव्हा एका बाजूस जागा नेमली. तेथे दुर्गंधी सुटली, खड्डा खणला. खड्ड्याचे काठ ढासळले; विटांनी, दगडांनी किंवा लाकडाने ते बांधून काढण्याची अनुमती मिळाली. जोते ठेंगणे म्हणून पाणी आत शिरले. जोते उंच केले. उंच झाल्यावर चढताना त्रास, म्हणून पायऱ्या. चढणारे पडू लागले, म्हणून कठडा. मग बसण्यासाठी पावदाने, मूत्रासाठी द्रोणी, पुसण्याच्या काड्या, वापरलेल्या काड्यांसाठी पात्र, खड्ड्यावर झाकण, वर कुटी, कुटीला दार, आत चीवर टांगण्यास बांबू किंवा दोरी. एक वृद्ध, दुर्बळ भिक्षु उठताना पडला, म्हणून धरून उठण्यासाठी आधार. अखेरीस धुण्याची जागा, तेथे आचमनकुंभी, पाणी घेण्यास ‘आचमनसरावक’ म्हणजे मातीचा परळ, धुताना बसण्यास वेगळी पावदाने आणि उघड्यावर धुण्याची लाज वाटू नये म्हणून भोवती कूड.

हे सारे लाकूड, बांबू आणि मातीचे. दोन हजार वर्षांत ते उरणे शक्य नव्हते. उरल्या त्या पाण्याच्या पोढ्या, कारण त्या खडकात कोरलेल्या होत्या. कान्हेरीसारख्या ठिकाणी दात्यांनी शिलालेखांत त्यांचा आवर्जून उल्लेख केला आहे. श्रीलंकेत अनुराधपूरच्या पश्चिमेकडील तपोवनविहारांत मात्र मूत्रस्थानांचे कोरीव दगड आजही पाहावयास मिळतात. तेरसारख्या विटांच्या नगरात विटांनी बांधलेला शौचकूप असण्यास विनयाची पूर्ण अनुमती होती, एवढेच येथे नोंदवून पुढे जाऊ.

वास्तू झाली, तिच्यात वागायचे कसे, हे ‘वत्तक्खन्धका’त येते. तेथील निमित्तकथा विशेष विचारात घेण्यासारखी आहे. जन्माने ब्राह्मण असलेला एक भिक्षु शौचानंतर पाणी घेत नसे. ही ओंगळ, दुर्गंधी वस्तू हाताने कोण शिवेल, असा त्याचा प्रश्न. परिणामी त्याच्या गुदमार्गात कृमी झाले. त्याने ही गोष्ट भिक्षूंना सांगितली, ती भगवंतांपर्यंत गेली आणि नियम झाला की पाणी असताना शौचानंतर न धुणाऱ्यास दुक्कटाची आपत्ती होते.

या कथेतील ‘जन्माने ब्राह्मण’ हे विशेषण संगीतिकारांनी उगाच ठेवलेले नाही. ज्याला स्पर्शाचा विटाळ वाटतो, तोच येथे सर्वांत अस्वच्छ ठरतो. शुद्धी म्हणजे अमुक वस्तूला न शिवणे, ही एक कल्पना. शुद्धी म्हणजे शिवावे लागले तर शिवून मग धुणे, ही दुसरी. पहिल्या कल्पनेत घाण दुसऱ्या कोणावर तरी ढकलावी लागते. दुसरीत ती ज्याची त्याने निस्तरावयाची असते. हा भेद किती खोल गेला आहे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

नियमातील ‘पाणी असताना’ ही अटही पाहावी. भगवंतांनी पाणी नसलेल्या माणसाला दोषी ठरविले नाही. दोष पाणी असून न धुणाऱ्याचा.

त्यापुढची निमित्तकथा तर या लेखाच्या दृष्टीने मुकुटमणी आहे. संघात आसन, भोजन, वंदन हे सर्व ज्येष्ठतेने चाले. उपसंपदा आधी झालेला तो ज्येष्ठ. त्या रिवाजाने शौचस्थानीही ज्येष्ठांना आधी जाऊ देत. नवे भिक्षू आधी येऊन थांबत, वेग आवरून धरत आणि मूर्च्छा येऊन पडत. भगवंतांनी अनुमती दिली की जो जसा येईल त्या क्रमाने त्याने जावे. ‘आगतपटिपाटि’ हा तो शब्द. आजच्या बोलीत आपण त्याला ‘नंबर’ म्हणतो. ज्येष्ठतेचा मान हा संघाच्या रचनेचा कणा होता आणि तोही येथे बाजूला ठेवला गेला. मग जन्मावरून ठरणाऱ्या मानाला तेथे वाव असण्याचा प्रश्नच नव्हता. सम्राटाच्या कुळातला आणि निर्माल्य उचलणाऱ्या सुनीताच्या कुळातला, दोघांनाही एकच दार आणि एकच रांजण.

यानंतर षड्वर्गीय भिक्षूंच्या दांडगाईवरून नियमांची एक मालिकाच येते. बाहेर उभे राहून खोकावे. आत असलेल्यानेही खोकून उत्तर द्यावे. घाईने आत घुसू नये, कुंथू नये, दंतकाष्ठ चघळीत बसू नये, द्रोणीच्या बाहेर लघवी करू नये, द्रोणीत थुंकू नये, खरबरीत काडी वापरू नये आणि काडी खड्ड्यात टाकू नये. धुताना ‘चपुचपु’ आवाज करू नये. परळात पाणी उरवू नये. आणि मग, माझ्या मते, सर्वांत मोलाचा भाग येतो. शौचस्थान घाण झालेले दिसले तर ते धुवावे. काड्यांचे पात्र भरले असेल तर रिकामे करावे. केर असेल तर झाडावे. आचमनकुंभीत पाणी नसेल तर भरावे. घाण ज्याने केली त्याने धुवावी, असे येथे म्हटलेले नाही. ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने धुवावी, असा अर्थ आहे. विनयाच्या या भागात शौचस्थानाच्या सफाईसाठी कोणतीही वेगळी जात नाही, नोकर नाही, दासही नाही.

परळात उरलेल्या पाण्यावरून संघात केवढा अनर्थ झाला, तो प्रसंग येथे सांगितला पाहिजे. महावग्गाच्या ‘कोसम्बकक्खन्धका’त कौशांबीच्या संघभेदाची हकीकत आहे, मूळ पाठात आपत्ती कोणती होती हे दिलेले नाही. ते अट्ठकथांनी सांगितले आहे. घोषितारामात एक धर्मकथिक आणि एक विनयधर राहत. धर्मकथिक शौचस्थानातून बाहेर आला तो पात्रात धुण्याचे पाणी शिल्लक ठेवून. मागाहून आत गेलेल्या विनयधराने ते पाहिले आणि ही आपत्ती आहे असे सांगितले. धर्मकथिकाने ती मान्य करण्याची तयारी दाखविली; तेव्हा विनयधर म्हणाला की नकळत घडले असेल तर आपत्ती नाही. प्रकरण तेथेच मिटावयास हवे होते. परंतु विनयधराने आपल्या शिष्यांजवळ, धर्मकथिकाला आपत्ती कळत नाही, असे उद्गार काढले. शिष्यांचे शिष्यांशी भांडण जुंपले, धर्मकथिकाला उत्क्षेपणाचा दंड झाला, संघ दुभंगला आणि भगवंतांचेही कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटे पारिलेय्यक वनात निघून गेले. कौशांबीच्या उपासकांनी त्या भिक्षूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबविल्यावरच ते ताळ्यावर आले.

काही वाचक या कथेला विनोद समजतात. नियमाचा अतिरेक कोठे नेतो, याचा दाखला म्हणून ती सांगितली जाते आणि तो अर्थ तिच्यात आहेच. पण उरलेले पाणी हा दोष का मानला गेला, याचाही विचार व्हावा. पुढे येणाऱ्याला ते पाणी स्वच्छ की हात लागलेले, हे कळण्यास मार्ग नसतो. त्याला ते टाकावे लागेल किंवा किळस गिळून वापरावे लागेल. मागच्या माणसाच्या हाताविषयी पुढच्या माणसाला विश्वास वाटावा, याची ती व्यवस्था होती. दोन विद्वान भिक्षूंनी नियमाचे अक्षर धरले आणि ज्याच्यासाठी तो नियम होता तो पुढचा माणूस दोघांच्याही ध्यानात राहिला नाही.

शौचानंतर हात कशाने धुवावेत? स्नानाच्या व औषधाच्या प्रकरणात पालि विनय खरूज किंवा फोड असलेल्यास औषधी चूर्णाची आणि निरोगी माणसास शेण, माती व रंगाच्या उकळलेल्या गाळाची अनुमती देतो. ‘वच्चकुटिवत्ता’त मात्र पाण्याचाच उल्लेख आहे. मातीचा सविस्तर विधी भेटतो तो चिनी भिक्षु इत्सिंग याच्या वृत्तान्तात. तो ६७१ साली चीनमधून निघाला, नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला आणि ६९५ मध्ये परतला. मूलसर्वास्तिवादी विहारांतील आचार त्याने डोळ्यांनी पाहून लिहिले. मातीचे सात-सात भाग दोन ओळींत मांडून ठेवावेत, पहिल्या सातांनी एकटा डावा हात धुवावा, पुढील सातांनी दोन्ही हात. पिण्याच्या शुद्ध पाण्याची कुंडी मातीची किंवा चिनी मातीची, शौचाच्या पाण्याची तांब्याची किंवा लोखंडाची, असाही भेद तो सांगतो. तसेच शौचानंतर शुद्ध न होता वंदन करणे वा वंदन घेणे योग्य नाही, असे त्याचे मत.

ज्यांनी मनुस्मृतीचा पाचवा अध्याय वाचला असेल, त्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. तेथे लिंगास एक, गुदास तीन, डाव्या हातास दहा आणि दोन्ही हातांस सात वेळा माती लावावी असे सांगून ब्रह्मचाऱ्यास दुप्पट, वानप्रस्थास तिप्पट, यतीस चौपट असे प्रमाण दिले आहे. सातव्या शतकातील विहार आणि ब्राह्मणी स्मृती यांचे आचार परस्परांजवळ आलेले दिसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. बौद्ध अभ्यासकांनी हे साम्य दडवू नये. माती तीच, पाणी तेच आणि हातही तेच. भेद आहे तो त्या पाण्याला काय करता येते असे मानले जाते, याबाबत. मनुस्मृतीच्याच दुसऱ्या अध्यायात आचमनाचे पाणी ब्राह्मणाच्या हृदयापर्यंत, क्षत्रियाच्या कंठापर्यंत, वैश्याच्या मुखापर्यंत जावे आणि शूद्राला त्याचा केवळ स्पर्श पुरे, असे वर्णानुसार माप ठरविले आहे. आचमनकुंभीच्या पाण्याला असे माप नाही.

या शब्दाचा मराठीतील प्रवासही पाहण्यासारखा आहे. पालि विनयाच्या या प्रकरणात ‘आचमन’ म्हणजे शौचानंतर धुणे. ब्राह्मणी कर्मकांडात ते पळीभर पाणी प्राशन करण्याचा विधी झाले. पण आपल्या आजी-आजोबांच्या बोलीत ‘आंचवणे’ म्हणजे जेवून उठल्यावर हात-तोंड धुणे, हा साधा अर्थ टिकून राहिला. लोकांच्या भाषेने शब्दाला हातापासून तोडले नाही, ही समाधानाची गोष्ट होय.

पाण्याने पाप धुतले जात नाही, हे भगवंतांनी वारंवार सांगितले. मज्झिमनिकायातील ‘वत्थूपमसुत्ता’त सुंदरिक भारद्वाज ब्राह्मणाने बाहुका नदीच्या स्नानाची महती सांगितली, तेव्हा त्याला मिळालेले उत्तर प्रसिद्ध आहे. थेरीगाथेतील पुण्णिका तर पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीत उतरणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने पापमुक्ती होत असेल तर मासे, कासवे आणि बेडूक सगळेच स्वर्गाला जातील काय. हा उपहास जिच्या तोंडी आहे तिच्या डोक्यावर रोज दुसऱ्यांच्या शुद्धीचे पाणी होते, हे विसरता येत नाही. जो धम्म नदीस्नानाने पुण्य लाभते हे नाकारतो, तोच परळभर पाणी न घेणाऱ्याला दोष लावतो. यात विसंगती नाही. पाण्याने हात धुतले जातात, कर्म धुतले जात नाही. म्हणून पाणी हातासाठीच ठेवावे.

इथवर आल्यावर वर्तमानाकडे न पाहता थांबणे मला योग्य वाटत नाही, कारण तेर हे जिवंत गाव आहे. संत गोरोबाकाका कुंभार येथलेच. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांच्या पुण्यतिथीची यात्रा भरते, ती ऐन उन्हाळ्यात, जेव्हा या भागातील विहिरींनी तळ गाठलेला असतो. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. यात्रेचे ठिकाण असो की बसस्थानक, आपल्याकडील सार्वजनिक शौचगृहात माणूस हात न धुता बाहेर पडतो तेव्हा त्याच्या संस्कारांना नावे ठेवण्याची रीत आहे. विनयाची पद्धत निराळी आहे. आधी कूप, मग जोते, मग कठडा, मग कुंभी, मग परळ, मग आडोसा; आणि हे सारे झाल्यावर, पाणी असताना जो धूत नाही त्याला दोष. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ सालच्या ७६व्या फेरीनुसार शौचानंतर साबण लावून हात धुणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात शेकडा ७४ च्या आसपास, तर जेवणापूर्वी तसे धुणाऱ्यांचे शेकडा ३६ च्या आसपास होते. हे घरातले आकडे आहेत. घराबाहेर, जेथे नळ कोरडा आणि साबण नाहीच, तेथे ही सवय टिकविणे किती कठीण, हे प्रवास करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे.

हात धुण्याचे वैद्यकीय महत्त्व युरोपात सेमेलवाइस यांनी १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात दाखवून दिले, तेव्हा त्यांच्या समकालीन डॉक्टरांनी ते सहज स्वीकारले नाही. आपला हात रोग वाहून नेतो, हे प्रतिष्ठित माणसाला पटत नाही. बुद्धकाळी जंतूंचे ज्ञान नव्हते आणि विनयात आधुनिक विज्ञान शोधण्याचा अट्टहास आपण करू नये. त्या नियमांमागे दुर्गंध, लाज, आजारपण आणि पुढच्या माणसाची सोय एवढीच दृष्टी होती. तीही पुरेशी होती.

सफाईचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोकांनी ओंजळीने पाणी घेतले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. ज्यांना पाण्याला हात लावण्याची बंदी होती, त्यांच्यापैकीच काहींच्या हाती गावाचा मैला दिलेला होता. हात मळवायला लावायचे आणि धुवायला पाणी द्यायचे नाही, अशी ती व्यवस्था. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये त्याहून व्यापक कायदा झाला. तरीही गटारात उतरून माणसे मरतात. ज्याच्या दृष्टीस घाण पडेल त्याने ती धुवावी, हा ‘वच्चकुटिवत्ता’तला दंडक भिक्षूंपुरता होता. उपासकांनी तो आपल्या विहारात चालू केल्यास कोणाची हरकत असणार नाही. काही विहारांत आजही कार्यक्रमानंतर सफाईसाठी ठराविक घरांतील माणसांकडेच पाहिले जाते, ही गोष्ट खेदाने नमूद करावी लागते.

आपल्याकडे नवे विहार मोठ्या संख्येने बांधले जात आहेत. बुद्धमूर्ती, कमान आणि घुमट यांसाठी दाते पुढे येतात आणि त्यांची नावे संगमरवरावर कोरली जातात. शौचगृह अंदाजपत्रकाच्या तळाशी असते आणि पैसे संपल्यावर राहून जाते. वर्षावासाला अथवा परित्राणपाठाला दूरच्या खेड्यांतून आलेल्या बायकांना मग शेजारच्या घरांची दारे ठोठवावी लागतात. अशा दात्यांसाठी महावग्गाच्या ‘वस्सूपनायिकक्खन्धका’तील एक तरतूद येथे सांगतो. वर्षावासात भिक्षूने आपला निवास सोडू नये, हा नियम कडक आहे. परंतु एखाद्या उपासकाने संघासाठी काही बांधले असेल, त्याला दान द्यावयाचे आणि धम्म ऐकावयाचा असेल आणि त्याने बोलावणे पाठविले, तर भिक्षूने सात दिवसांपर्यंत जावे, अशी अनुमती आहे. काय बांधले असता हे चालेल, याची लांबलचक यादी तेथे दिली आहे. तिच्यात विहार आहे, प्रासाद आहे, गुहा आहे, चंक्रम आहे, विहीर आहे, पुष्करिणी आहे आणि त्यांच्याच ओळीत वच्चकुटीही आहे.